प्लॉट घेताना ‘ओपन स्पेस’ कुठे आहे, हे विचारलंत का?



परवा पालकसभा संपल्यावर सहावीतल्या एका मुलीचे वडील थांबले. हातात रंगीत पत्रक होतं. म्हणाले, “मॅडम, पोरीच्या शिक्षणासाठी भंडाऱ्यात प्लॉट पाहून राहिलो. जरा बघता का?” पत्रकावर हिरवागार बगीचा, कारंजं, घसरगुंडी, सगळं होतं. मी एकच विचारलं, “हा बगीचा मंजूर नकाशावर आहे का?” ते गप्प झाले.

हा प्रश्न मला सुचला, कारण आमच्या वेळी तो आम्ही विचारला नव्हता. आम्ही दिशा पाहिली, रस्त्याची रुंदी पाहिली, विहिरीला पाणी किती खोल लागतं ते विचारलं. आजूबाजूला सगळे रिकामे प्लॉट होते. वाटलं, किती मोकळं आहे! माझा मुलगा शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर क्रिकेट शिकला. मग एकेक घर उभं राहत गेलं आणि त्याचं मैदान आक्रसत गेलं. तो आठवीत गेला तोपर्यंत खेळायला फक्त रस्ता उरला होता. लेआऊटची ओपन स्पेस नकाशात होती, पण ती नाल्याच्या काठाला, काटेरी झुडपांत. तिथे कोणी मूल पाठवत नव्हतं.

म्हणून आज या विषयावर थोडं सविस्तर. घर घेणाऱ्या पालकांना उपयोग होईल आणि परिसर अभ्यासाच्या तासालाही.

आपल्याकडे ही कल्पना नवी नाही

बगीचा म्हटलं की आपल्याला शहर आठवतं. पण सगळ्यांनी मिळून वापरायची जागा ही आपल्या पूर्व विदर्भाची जुनी ओळख आहे. भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा. गोंड राजांच्या काळापासून इथल्या कोहळी समाजाने तलाव बांधले. पुढे ते मालगुजारांच्या ताब्यात गेले, म्हणून आज आपण त्यांना माजी मालगुजारी तलाव, म्हणजेच ‘मामा तलाव’ म्हणतो. धानाला पाणी हा मुख्य हेतू. पण त्याच पाळीवर चिंचा-आंब्याची सावली, खाली गुरांना पाणी, पोरांना पोहणं, बायांना धुणं आणि गप्पा. गावाचा बगीचा वेगळा नव्हताच, तलावाची पाळ हाच बगीचा.

त्याला कागदाचाही आधार होता. चराई, जळण, पाणी, वाट यांसारख्या गावकऱ्यांच्या हक्कांना आपल्याकडे ‘निस्तार’ म्हणतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्येही ‘निस्तार पत्रक’ आणि ‘वाजिब-उल-अर्ज’ यांची तरतूद आहे. म्हणजे कोणती जमीन सगळ्यांची, हे लिहून ठेवायची पद्धत आपल्या आजोबा-पणजोबांना ठाऊक होती.

मग बिघडलं कुठे? १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे आले. ते योग्यच झालं. पण वर्षानुवर्षे गाळ काढणारी, पाळ दुरुस्त करणारी जुनी व्यवस्था मोडली आणि तिच्या जागी तितकीच पक्की नवी व्यवस्था सगळीकडे उभी राहिली नाही. पुष्कळ तलाव गाळाने भरले. जागा सगळ्यांची असते, पण ती सांभाळतो कोण, हा प्रश्न सुटला नाही तर ती कोणाचीच राहत नाही. लेआऊटमधल्या ओपन स्पेसचं दुखणंही नेमकं हेच आहे.

मोकळ्या जागेने रोजचं जगणं कसं बदलतं?

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. सिमेंटचा रस्ता आणि स्लॅब दिवसभर ऊन पितात आणि रात्री ते परत सोडतात. झाड मात्र सावली देतं आणि पानांतून पाण्याची वाफ सोडून हवा थंड करतं. कडुनिंबाखाली उभं राहून बघा आणि मग दहा पावलांवर उन्हात उभं राहा. वेगळा प्रयोग करायची गरज नाही.

दुसरं पाण्याचं. माती असलेली जागा पाऊस जिरवते, फरसबंदी तो ढकलून देते. एखादी बोडी बुजवून त्यावर प्लॉट पडले, तरी पावसाचं पाणी आपली जुनी जागा विसरत नाही, ते तिथेच येतं. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेचं पाणी भंडारा शहरातल्या अनेक वस्त्यांत शिरलं, ते आपल्यापैकी कित्येकांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. बगीचे असते तर तो पूर अडला असता, असं मी म्हणणार नाही. एवढं पाणी वरून आलं होतं. पण नदीकाठची सखल जागा घरांसाठी नसून मोकळी ठेवण्यासाठी असते, हा धडा त्यातून घ्यायला हवा.

तिसरं आरोग्याचं. अमेरिकेतले संशोधक रॉजर उलरिक यांनी १९८४ साली ‘सायन्स’ नियतकालिकात एक साधा अभ्यास मांडला. एकाच प्रकारची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण, फरक फक्त खिडकीचा. काहींना बाहेर झाडं दिसत, काहींना विटांची भिंत. झाडं दिसणारे रुग्ण थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामक औषधंही कमी लागली. अभ्यास लहान होता, पण पुढे अनेकांना विचार करायला लावणारा ठरला.

आणि चौथं, जे आपण शिक्षक रोज पाहतो. ज्या मुलांना संध्याकाळी धावायला जागा असते, त्यांना भांडण मिटवणं, राज्य घेणं, लहानग्याला खेळात घेणं शिकवावं लागत नाही. आजी-आजोबांनाही बसायला एक बाक हवा असतो. शेजाऱ्याचं नाव कळतं ते तिथेच.

घराच्या किमतीवर परिणाम होतो का?

होतो. न्यूयॉर्कमधलं सेंट्रल पार्क उभारताना हा मुद्दा प्रत्यक्ष मांडला गेला. १८५८ साली फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट वॉ यांचा आराखडा निवडला गेला. पुढे भोवतालच्या जमिनींच्या किमती किती वाढल्या, याच्या नोंदी ओल्मस्टेड यांनी ठेवल्या आणि खर्चाच्या समर्थनासाठी वापरल्या. आपल्याकडेही ‘गार्डन फेसिंग’ म्हटलं की दर वाढतो, ते यामुळेच.

पण एक सावधगिरी. कोणताही बगीचा किंमत वाढवतो, असं नाही. बाल्टिमोर शहराचा २००८ सालचा अभ्यास सांगतो की गुन्हे कमी असलेल्या भागात बागेजवळची घरं महाग होती, पण गुन्हे फार असलेल्या भागात बागेजवळची घरं उलट स्वस्त होती. अंधारी, कचऱ्याने भरलेली, दारूच्या बाटल्या पडलेली ओपन स्पेस शेजारी असणं हे सुख नव्हे. म्हणून ‘बगीचा आहे’ एवढं ऐकून पैसे मोजू नका. बगीचा कसा आहे आणि तिथे कोण येतं, हे पाहा.

कायदा काय सांगतो? थोडं गणित

राज्याच्या एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार (२०२०) ०.४ हेक्टर, म्हणजे सुमारे एक एकर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचा लेआऊट पाडताना १० टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी ठेवावी लागते. ती सगळ्या रहिवाशांच्या वापराची असते, पुढे प्लॉट म्हणून विकायची नसते.

समजा, लेआऊट ४ एकरांचा आहे. १ एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. ४ एकर म्हणजे १,७४,२४० चौरस फूट. त्याचे १० टक्के म्हणजे १७,४२४ चौरस फूट, सुमारे १,६१८ चौरस मीटर. पुरुषांचं कबड्डीचं मैदान १३ × १० मीटर, म्हणजे १३० चौरस मीटरचं. एका ओपन स्पेसमध्ये अशी बारा मैदानं मावतात! मुलांना हा हिशेब फळ्यावर करून दाखवा, ‘शेकडेवारी’ कायमची डोक्यात बसेल.

यातली खोच लक्षात आली का? एक एकराच्या आतल्या जमिनीला ही अट लागत नाही. असे लहान तुकडे शेजारीशेजारी पडत गेले, तर शंभर घरांची वस्ती होते आणि त्यात एकही मोकळी जागा नसते. मंजुरीशिवाय पडलेल्या गुंठेवारीत तर विचारायलाच नको.

‘आरक्षण’ म्हणजे बगीचा नव्हे

“समोर बगीच्याचं आरक्षण आहे” हे वाक्य दलालाकडून नेहमी ऐकू येतं. ते खरंही असू शकतं. पण शहराच्या विकास योजनेत एखाद्या खासगी जमिनीवर बगीचा दाखवला, म्हणजे तो झाला असं नाही. जमीन आधी संपादित व्हावी लागते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार दहा वर्षांत तसं झालं नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाचं पाऊल उचललं गेलं नाही, तर आरक्षण रद्द होतं. म्हणजे आज समोर दिसणारी हिरवळ उद्या इमारत असू शकते.

याची दुसरी बाजूही सांगते. बेंगळुरूमध्ये बागेसाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयासाठी दिली गेली, तेव्हा परिसरातले रहिवासी न्यायालयात गेले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. २०११ च्या जगपाल सिंग खटल्यात याच न्यायालयाने गावतळ्यांवरची आणि सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवण्यासाठी योजना आखायला सर्व राज्यांना सांगितलं. म्हणजे कायदा आपल्या बाजूला आहे, पण कोणीतरी उठून विचारावं लागतं.

प्लॉट किंवा घर घेण्याआधी

१. मंजूर लेआऊटच्या नकाशाची प्रत मागा. रंगीत पत्रक म्हणजे नकाशा नव्हे. सही-शिक्क्याची प्रत मिळत नसेल, तर थांबा.

२. त्या नकाशावरची ओपन स्पेस प्रत्यक्ष जाऊन पायाने मोजा. ती रस्त्याला लागून आहे की कोपऱ्यात, सपाट आहे की खड्ड्यात, तिच्यावर कोणी गोठा किंवा शेड टाकलं आहे का, ते पाहा.

३. आजूबाजूच्या रिकाम्या जमिनी विकास योजनेत काय दाखवल्या आहेत, ते नगर परिषदेत किंवा नगर रचना कार्यालयात विचारा. रिकामा प्लॉट मैदान नसतो.

४. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी लागते, प्लॉटच्या लेआऊटचीसुद्धा. नोंदणी क्रमांक घेऊन संकेतस्थळावर कागद तपासा.

५. नदी-नाला जवळ असेल तर निळी आणि लाल पूररेषा विचारा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आणि हो, शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, “काका, पाणी कुठवर येते?”

६. तीन वेळा जाऊन या. एकदा उन्हाच्या दुपारी, एकदा जोराच्या पावसानंतर, एकदा संध्याकाळी सातला. तेव्हा तिथे मुलं आणि बाया दिसतात का, ते बघा.

वर्गात काय करता येईल?

मुलांना आपापल्या वस्तीचा नकाशा काढायला सांगा. झाडं, विहीर, बोडी, खेळायची जागा, सगळं दाखवायचं. मग घरातल्या मोठ्यांना विचारून दुसऱ्या रंगात लिहायचं, वीस वर्षांपूर्वी तिथे काय होतं. आमच्या वर्गात एका मुलाने स्वतःच्या घराच्या जागी निळा रंग भरला. आजी म्हणाली होती, “इथं बोडी होती बापा.” त्या दिवशी धडा मला वेगळा शिकवावा लागला नाही.

ते वडील पंधरा दिवसांनी परत आले. मंजूर नकाशा मिळवला होता. ओपन स्पेस होती, पण मागे, नाल्याला लागून, अगदी अरुंद. कारंजं कुठेच नव्हतं. त्यांनी तो प्लॉट सोडला. अजून शोधत आहेत. फरक एवढाच, की आता संध्याकाळी लेकीला सोबत घेऊन जातात आणि तिला विचारतात, “इथं खेळशील का?”

मला वाटतं, घर घेताना विचारायचा तो पहिला प्रश्न असावा.