बदनाम पॉइन्सेटिया, देवघरातली कळलावी

डिसेंबर लागला की नर्सऱ्यांमध्ये लालभडक पॉइन्सेटियाच्या कुंड्या दिसू लागतात आणि गिऱ्हाइकाचा प्रश्न ठरलेला असतो, "घरात लहान मूल आहे, हे विषारी नाही ना?" त्याच गिऱ्हाइकाने तीन-चार महिन्यांपूर्वी गौरीसाठी कळलावीची फुलं हौसेने घरी नेलेली असतात. तेव्हा मात्र हा प्रश्न कुणाच्याच तोंडी नसतो.

पॉइन्सेटियाच्या बदनामीची सुरुवात १९१९ मधली. हवाई बेटांवरच्या एका अमेरिकी लष्करी अधिकाऱ्याचं दोन वर्षांचं मूल या झाडाचं पान खाऊन दगावलं, अशी बातमी उठली. पुरावा कधीच सापडला नाही, गोष्ट मात्र जगभर पोचली. पुढे अमेरिकेतल्या विषबाधा केंद्रांकडे नोंदलेल्या २२,७९३ घटनांचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बहुतेक लहान मुलंच होती. मृत्यू एकही नव्हता, आणि नव्वद टक्क्यांहून जास्त जणांना काहीसुद्धा झालं नव्हतं. हे झाड आपल्या शेराच्या कुळातलं, त्यामुळे पान खुडलं की पांढरा चीक येतो. तो अंगाला लागला तर खाज सुटते, पोटात गेला तर मळमळ किंवा एखादी उलटी होते, डोळ्यात गेला तर आग होते. एवढंच.

आता कळलावी. पावसाळ्यात कोकणातल्या कुंपणांवर चढणारा हा वेल, टोकाला पिवळ्या-लाल ज्वाळांसारखी फुलं. काही भागांत गौरीच्या पूजेत तिला मान आहे, 'गौरीचे हात' हे नावही त्यातूनच आलं. तामिळनाडूचं तर ते राज्यफूल. 'देवाला वाहतात ते कसं विषारी असेल?' हा गैरसमज इथे सर्वात महागात पडू शकतो, कारण या वेलाच्या प्रत्येक भागात कोल्चिसिन असतं. कंदात आणि बियांत सर्वाधिक. गाउटच्या रुग्णाला डॉक्टर हेच रसायन अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीतून मोजूनमापून देतात. जास्त पोटात गेलं तर पहिले काही तास माणूस ठणठणीत दिसतो. मग उलट्या, जुलाब सुरू होतात. दोन-तीन दिवसांत अस्थिमज्जा रक्तपेशी बनवायचं थांबवते, आणि त्यातून वाचलेल्यांचे केस पुढे गळतात. श्रीलंकेत हा कंद खाण्याचा समजून शिजवला गेल्याने माणसं दगावल्याच्या नोंदी आहेत. शिजवल्याने विष जात नाही. फूल हाताळल्याने काही होत नाही. जपायचं ते कुंडी उकरताना वर आलेल्या रताळ्यासारख्या कंदापासून आणि निर्माल्यातल्या सुकलेल्या बोंडांपासून.

पिवळ्या कण्हेरीचं, म्हणजे बिट्टीचंही तेच. शंकराला फूल चालतं, पोरं बियांशी खेळतात, पण त्या बिया हृदयाचे ठोके बिघडवतात.

'जनावराला उपजत कळतं' हेही अनेकांचं ठाम मत. रानातल्या शेळीबद्दल ते थोडंफार खरं असेल, फ्लॅटमध्ये कंटाळलेल्या मांजराबद्दल अजिबात नाही. नाताळ आणि लग्नसराईत पुष्पगुच्छांतून घरात येणारी ओरिएंटल, एशियाटिक आणि ईस्टर लिली मांजरांची मूत्रपिंडं निकामी करते. पान चावायचीही गरज नाही. फुलदाणीला घासून मांजर पुढे जातं, केशरी परागकण केसांना चिकटतात आणि ते अंग चाटून स्वच्छ करायला बसतं. फुलदाणीतलं पाणी प्यायलं तरी तोच धोका. म्हणून फुलदाणी 'उंच कपाटावर ठेवली आहे' हा युक्तिवाद मांजर असलेल्या घरात टिकत नाही. ही लिली तिथे आणूच नये. कुत्र्याचं मात्र या लिलीने सहसा पोटच बिघडतं. पीस लिली वेगळी. ती, मनीप्लांट आणि डायफेनबाखिया यांच्यात सुयांसारखे ऑक्झलेटचे स्फटिक असतात. चावताच तोंडाची आग होते, लाळ गळते, जीभ सुजते. त्यामुळे मूल दुसरा घास सहसा घेत नाही. पण सूज घशापर्यंत गेली, श्वास अडू लागला तर ती तातडीची वेळ.

शेवटचा गैरसमज मिठाच्या पाण्याचा. घशात बोटं घालणं, मीठपाणी पाजून उलटी काढणं हे मुलांवर करू नका, जनावरांवरही नाही. मिठानेच जीव धोक्यात येऊ शकतो. तोंडातले तुकडे काढा, तोंड पाण्याने पुसा, झाडाचा फोटो किंवा पाना-फुलासकट फांदी घेऊन डॉक्टरकडे जा. मांजराने लिली चाटल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यक गाठा. दिवस उलटल्यावर सलाईनचा उपयोग झपाट्याने कमी होतो. माणसांसाठी दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र चोवीस तास सल्ला देतं. त्याचा टोल फ्री क्रमांक १८०० ११६ ११७ आजच फोनमध्ये साठवून ठेवा.