खिशातील घंटा : सूचक ध्वनी कसा तयार करावा

शाळेच्या साहित्यात घंटेचे स्थान पहिले आहे. फळा नसला तर भिंतीवर लिहिता येते, नकाशा नसला तर अंगणात रेखाटता येतो. परंतु घंटा नसेल तर शाळा भरली केव्हा आणि सुटली केव्हा, हेच गावाला कळत नाही. घंटेचा मोठा गुण असा की, तिचा निरोप समजण्यासाठी तिच्याकडे पाहावे लागत नाही. हातातले काम चालू असतानाच तो कानावर पडतो, आणि ऐकणारा पुढच्या कामास लागतो. असा निरोप देणाऱ्या ध्वनीस सूचक ध्वनी म्हणतात. आज बहुतेक शिक्षकांच्या खिशात स्मार्टफोन असतो. त्याची रिंगटोन, संदेश आल्याची खूण आणि पहाटेचा गजर हे सारे सूचक ध्वनीच होत. ते आपल्या हातांनी कसे तयार करावेत, आणि ते करताना कोणते तत्त्व ध्यानी धरावे, याचा विचार येथे केला आहे.

सूचक ध्वनीचे सामर्थ्य समजून घ्यावयाचे तर मुंबईच्या गिरणगावाकडे पाहावे. ताडदेव येथील पहिल्या कापड गिरणीची कंपनी १८५४ साली स्थापन झाली आणि १८५६ साली तिचे काम सुरू झाले. पुढे परळ, लालबाग, दादर या भागांत गिरण्यांची धुराडी उभी राहिली. पाळी भरण्याची वेळ झाली की गिरणीचा भोंगा वाजे. चाळीतील एका खोलीत आठ-दहा माणसे राहत. मनगटावर घड्याळ असणे ही त्या काळी सर्वांस परवडणारी गोष्ट नव्हती. भोंगा हेच सर्वांचे घड्याळ होते. कामगार त्यावर उठत, बायका त्यावर डबे भरीत, मुले त्यावर शाळेची वेळ ओळखीत. शेजारी शेजारी अनेक गिरण्या असल्या, तरी आपल्या गिरणीचा भोंगा कोणता हे कामगारांचे कान अचूक सांगत.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. त्यात सुमारे अडीच लाख कामगार सामील होते. त्यानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडत गेल्या आणि भोंगेही मुके झाले. लोअर परळच्या फिनिक्स गिरणीच्या आवारात आज मोठे बाजारसंकुल आहे. धुराडे पडताना दिसते, त्याचे छायाचित्रही कोणी घेतो; ध्वनी नाहीसा होतो तो मात्र कोणाच्या ध्यानी न येता. ही गोष्ट शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. तिचा उपयोग पुढे येईलच.

याच शहरातील आणखी दोन उदाहरणे घ्यावीत. फोर्ट भागातील विद्यापीठाचा राजाबाई मनोरा १८७८ साली पूर्ण झाला. त्याची उंची सुमारे २८० फूट. त्यातील घड्याळ पाव-पाव तासाने टोल देते. पूर्वी त्यावर निरनिराळ्या सोळा सुरावटी वाजत. दुसरे उदाहरण दादरच्या शिवाजी मंदिरासारख्या नाट्यगृहातील तिसऱ्या घंटेचे. पहिली घंटा प्रेक्षकांस सावध करते, दुसरी त्यांना आसनाकडे नेते आणि तिसरीबरोबर पडदा वर जातो. तीनही वेळा घंटा तीच. तरी प्रत्येकीचा अर्थ निराळा आणि ठरलेला. या सर्व उदाहरणांतून चांगल्या सूचक ध्वनीचे तीन गुण निघतात : तो थोडक्यात असावा, इतर आवाजांतून वेगळा ओळखू यावा, आणि त्याचा अर्थ एकच असावा. रिंगटोन तयार करताना हेच तीन गुण कसोटीप्रमाणे वापरावेत.

ध्वनी साठविण्याची कला एके काळी मोठ्या यंत्रशाळांपुरती होती. गिरगावातील मॅजेस्टिक चित्रपटगृहात १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ हा भारतातील पहिला बोलपट दाखविला गेला. त्यासाठी लागलेली यंत्रसामग्री ही त्या काळी नवलाची वस्तू होती. आज तेच काम हाताच्या तळव्यावर मावणारे यंत्र करते. त्याची रीत मुलांनाही समजावून देता येईल. ध्वनी म्हणजे हवेतील कंप. फोनमधील मायक्रोफोन त्या कंपाचे विजेच्या चढउतारात रूपांतर करतो. मग यंत्र त्या चढउताराची उंची दर सेकंदास बहुधा ४४,१०० वेळा मोजते आणि ते आकडे ओळीने लिहून ठेवते. माणसाच्या कानास सेकंदाला सुमारे २०,००० कंपांपर्यंतचा आवाज ऐकू येतो; तो नेमका टिपण्यास त्याच्या दुपटीहून अधिक मोजमापे घ्यावी लागतात, म्हणून हा आकडा.

येथे वरच्या वर्गासाठी एक चांगले उदाहरण तयार होते. प्रत्येक मोजमापास २ बाइट जागा लागते असे धरले, तर एका सेकंदास ८८,२०० बाइट आणि २० सेकंदांच्या ध्वनीस १७,६४,००० बाइट जागा लागेल. तोच ध्वनी एमपी-३ या संक्षिप्त प्रकारात सेकंदास १६,००० बाइट या प्रमाणात साठविला, तर ३,२०,००० बाइटांत काम भागते. जे बारकावे कानास सहसा जाणवत नाहीत ते गाळल्यामुळे ही बचत होते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळावे. पहिली पायरी ध्वनीची निवड. शाळेची पितळी घंटा, झांजेचा एक ठोका, हार्मोनियमवरील चार सूर, मुलांनी एका सुरात दिलेली हाक, यांपैकी काहीही चालेल. मोठ्या रचनेतून लहानसा तुकडा निवडणे हीही जुनी वाट आहे. नोकिया कंपनीच्या फोनची जगभर ओळखीची झालेली धून फ्रान्सिस्को तारेगा या स्पॅनिश संगीतकाराच्या १९०२ सालच्या गिटारवादनाच्या रचनेतील केवळ काही स्वरांची आहे.

दुसरी पायरी ध्वनिमुद्रणाची. यासाठी फोनमधील ‘रेकॉर्डर’ पुरेसा आहे. मुले घरी गेल्यावर, पंखा बंद करून, वारा नसलेल्या खोलीत मुद्रण करावे. फोन घंटेच्या अगदी जवळ धरू नये. दोन-तीन हात अंतर ठेवावे. फार जवळून घेतलेला मोठा आवाज यंत्राच्या मापाबाहेर जातो आणि फाटतो. फाटलेला आवाज मागाहून दुरुस्त होत नाही. एकच ठोका तीन-चार वेळा मुद्रित करावा व त्यांतील उत्तम ठेवावा.

तिसरी पायरी काटछाटीची. फोनवर ध्वनिसंपादनाची अनेक ॲप मिळतात. संगणक असल्यास ‘ऑडॅसिटी’ हे विनामूल्य साधन वापरावे. पडद्यावर ध्वनीची डोंगरांसारखी आकृती दिसते. तिच्या आरंभीची सपाट रेषा म्हणजे शांतता. ती काढून टाकावी, म्हणजे फोन वाजताच ध्वनी उमटेल. शेवट मात्र एकदम कापू नये. अखेरच्या एक-दोन सेकंदांत आवाज हळूहळू विरत न्यावा. तसे न केल्यास कानास धक्का बसतो. त्यानंतर आवाजाची पातळी योग्य तेवढी वाढवावी. आकृतीची टोके चौकटीच्या कडेस भिडणार नाहीत इतपतच ती असावी. रिंगटोन १५ ते ३० सेकंदांची पुरते. संदेशाची खूण एक-दोन सेकंदांहून मोठी असू नये. गजराचा आरंभ मंद असावा आणि पुढे तो चढत जावा.

चौथी पायरी स्थापनेची. ॲण्ड्रॉइड फोनमध्ये तयार ध्वनी एमपी-३ प्रकारात साठवून ‘रिंगटोन्स’ या फोल्डरमध्ये ठेवावा. संदेशाची खूण ‘नोटिफिकेशन्स’मध्ये आणि गजर ‘अलार्म्स’मध्ये ठेवावा. मग ‘सेटिंग्ज’मधील ध्वनीच्या विभागातून त्याची निवड करावी. निरनिराळ्या कंपन्यांच्या फोनमध्ये नावांत थोडा फरक आढळेल. क्रम मात्र हाच. आयफोनसाठी ‘गॅरेजबँड’ या साधनातून तो ध्वनी रिंगटोन म्हणून निर्यात करता येतो. त्याची लांबी ३० सेकंदांच्या आत ठेवावी.

इतके करूनही पुष्कळदा निराशा पदरी येते. मुद्रण उत्तम, पण फोन वाजला की ध्वनी पोकळ भासतो. याचे कारण समजण्यास लालबाग-गिरगावच्या गणपतीच्या मिरवणुकीचे उदाहरण उपयोगी पडेल. गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून आणि लालबागच्या प्रसिद्ध मंडळात १९३४ पासून गणेशोत्सव चालत आला आहे. मिरवणुकीत ढोलाचा ठोका छातीत जाणवतो आणि ताशाचा कडकडाट कानात. हेच वादन फोनवर मुद्रित करून वाजविले, तर ताशा स्पष्ट ऐकू येतो आणि ढोल जवळजवळ नाहीसा होतो. ढोलाचा खर्ज उत्पन्न करण्यास पुष्कळ हवा हलवावी लागते. फोनमधील नखाएवढ्या पडद्यास ते साधत नाही. शिवाय माणसाचा कान सेकंदाला २,००० ते ५,००० कंपांच्या आवाजास सर्वाधिक तत्पर असतो. म्हणून फोनसाठी घंटा, झांज, बासरी, ताशा असे चढे ध्वनी निवडावेत. गिरणीचा भोंगा फोनवर वाजविला तर तो दुबळा वाटेल, तो याच कारणाने.

येथपर्यंत कसबाचा भाग झाला. अर्थाचा भाग त्याहून महत्त्वाचा आहे. भोंग्यावर गिरणगाव का उठत असे? तो कधीही उगीच वाजत नसे म्हणून. ज्या फोनवर शुभेच्छांचे चित्र, जाहिरात आणि शाळेतील तातडीचा निरोप या सर्वांस एकच खूण वाजते, त्या खुणेकडे लक्ष देण्याचे कान लवकरच सोडून देतात. आणि मग एखाद्या मुलास ताप भरल्याचा निरोपही तसाच पडून राहतो. म्हणून मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समिती, आरोग्य केंद्र आणि घर यांच्यासाठी निरनिराळ्या रिंगटोन ठेवाव्यात. बाकीच्या गटांच्या खुणा बंद कराव्यात. वर्गात फोन मुका असावा हे सांगावयास नकोच. नाट्यगृहात एका प्रेक्षकाच्या फोनने रंगलेला प्रवेश कसा मोडतो, हे ज्याने पाहिले आहे त्यास चाळीस मुलांचे लागलेले लक्ष मोडण्याची किंमत कळेल.

दुसरी सावधगिरी अशी. २०२३ साली देशात अनेक फोनांवर एकाच वेळी आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी घेण्यात आली. तो कर्कश ध्वनी मुद्दाम वेगळा राखलेला आहे. त्यासारखी, किंवा रुग्णवाहिकेच्या भोंग्यासारखी रिंगटोन कोणी करू नये. थट्टेत वाजलेला इशारा खऱ्या इशाऱ्याचे मोल कमी करतो.

तिसरी सावधगिरी कायद्याची आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे राहतो. गीताचे व चालीचे हक्क त्याहून वेगळे असतात. प्रसिद्ध गाण्याचा तुकडा तोडून तो गावभर वाटणे यासाठीच इष्ट नव्हे. स्वतः मुद्रित केलेल्या घंटेस अशी कोणतीच अडचण नाही.

सूचक ध्वनीची शक्ती आजही ओसरलेली नाही. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली एक उपक्रम सुरू केला. सायंकाळी सात वाजता गावात भोंगा वाजतो. त्याबरोबर घरोघर दूरदर्शन संच व मोबाइल बंद होतात आणि मुले अभ्यासास बसतात. साडेआठ वाजता पुन्हा भोंगा होतो आणि हा काळ संपतो. गिरणगावाचा भोंगा माणसांस यंत्रापाशी बोलावीत असे. या गावाचा भोंगा त्यांना यंत्रापासून दूर नेतो. साधन तेच, त्यास अर्थ कोणता द्यावयाचा, हे माणसे ठरवितात.

शाळांना यातून सहज करता येण्यासारखे एक काम आहे. मुलांचे चार-चारांचे गट करावेत आणि प्रत्येक गटाने गावातील एक ध्वनी मुद्रित करून आणावा : जात्याची घरघर, बैलांची घुंगरमाळ, लोहाराचा घण, आजीने गुरांस घातलेली साद, देवळातील सायंकाळची घंटा. प्रत्येक मुद्रणाबरोबर ठिकाण, दिनांक आणि तो ध्वनी गावास काय सांगतो, हे दोन ओळींत लिहून घ्यावे. त्यांतूनच मुलांनी काटछाट करून शाळेची रिंगटोन तयार करावी. मोजमाप, भाषा, विज्ञान आणि परिसर यांचा अभ्यास या एका कामात एकत्र येतो. डिझेल यंत्रावर चालणाऱ्या पिठाच्या गिरणीचा कुक्-कुक् आवाज एके काळी गावोगाव ऐकू येई आणि दळण घेऊन निघण्याची ती खूण असे. वीज आली आणि पुष्कळ गावांतून तो आवाज गेला. जो ध्वनी रोज ऐकू येतो, तो साठवून ठेवावा असे सहसा कोणास वाटत नाही. परंतु साठविण्याची वेळ तीच असते, कारण तो थांबल्यावर ते काम कोणासच करता येत नाही.