तेरा मिलिमीटरचं टोक

पूलचा क्यू दुरुस्तीला येतो तेव्हा तक्रार बहुधा एकच असते: फटक्यात जीव राहिला नाही. चांगला कारागीर लगेच लेथ सुरू करत नाही. शाफ्ट, म्हणजे क्यूचा पुढचा भाग, दोन बोटांत सैल धरून तो पेराने टकटक करतो आणि कान लावतो. आवाज स्वच्छ आला तर ठीक. मागोमाग बारीक खरखर आली की संशय फेरूलवर.

फेरूल म्हणजे शाफ्टच्या टोकावरचं पांढरं टोपण. शाफ्ट बहुतेक हार्ड मेपलचा, टोकाशी साधारण १३ मिलिमीटर जाड. तिथे लाकूड तासून खुंटी काढलेली असते. तिच्यावर फेरूल, फेरूलवर चामड्याची टिप. फटक्याचा धक्का ही जोडी झेलते, नाहीतर लाकूड उभं चिरेल. पूर्वी फेरूल हस्तिदंताचीही असे, आता प्लास्टिकची किंवा फायबरची. वर्षानुवर्षं मार खाऊन आतला गोंद सुटतो किंवा केसाएवढा तडा जातो. तडा सहज दिसत नाही, पण चॉकची निळी धूळ त्यात जाऊन बसते आणि चुगली करते.

अशी फेरूल ओढून काढायची नसते, खुंटीच मोडते. शेजारच्या लाकडावर टेप गुंडाळायची आणि लेथवर फेरूल थराथराने उतरवायची, गोंदाची रेघ दिसेपर्यंत. नवी चिकटवून रात्रभर ठेवायची, मग लाकडाला हात न लावता सपाटीला आणायची.

टिपचं दुखणं त्या मानाने सोपं. ती दबते, कडा भूछत्रासारख्या बाहेर येतात, माथा गुळगुळीत होऊन चॉक धरत नाही. ही चामड्याची टिप रुजवली ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्सच्या कॅप्टन मँगोने (आंब्याशी संबंध नाही). फिरकीचा खेळ तिथून बहरला.

शाफ्टला बाक आलाय का, हे बघायला लोक क्यू टेबलावर लोळवतात. टेबलच सपाट नसेल तर? शाफ्ट वेगळा काढून लोळवावा आणि खालची उजेडाची फट उघडमीट करते का ते पाहावं. शाफ्ट एकटा सरळ लोळत असेल तर खोट सांध्यात किंवा मागच्या दांड्यात. आपल्या पावसाळ्यात गाडीच्या डिकीत राहिलेले क्यू हमखास वाकतात. दाब देऊन सरळ केलेला बाक माझ्या अनुभवात परत येतो.

पोचा मात्र खरोखर बरा होतो. त्यावर ओल्या कापडाची चिंधी ठेवून इस्त्रीचं टोक क्षणभर टेकवायचं. चर्र होतं, वाफ शिरते, दबलेले तंतू फुगून वर येतात. वाळल्यावर चामड्याच्या तुकड्याने जोरात घासलं की बोटाला खळगा लागत नाही.

शाफ्ट उगाच घासू नये, हे मी शिकलो उशिरा. दमट हवेत शाफ्ट हाताला चिकटतो म्हणून दर रविवारी सँडपेपर फिरवायचो. कारागिराने कॅलिपर लावला: १२.१. त्याने पैसे घेतले नाहीत. सँडपेपर मात्र ठेवून घेतला.