पथकाले पैसा आला, पण खबर कोण देणार?



16 जून ते 15 ऑगस्ट आपली मासेमारी बंद असते. डोंगे काठावर पालथे पडतात, जाळ्यांची दुरुस्ती चालते आणि हाती पैसा नसतो. ठेकेदाराचा माणूस नेमका याच दिवसांत गावात येतो. "पोट्ट्याले पाठवा माझ्यासंगं. खाणं-राहणं फुकट. हे घ्या आगाऊ." उचल घेतली की पोरगं गेलं. बोरगावहून नागपूर जवळच, आणि पांढुर्ण्याहून तं सरळ दिल्ली-चेन्नईची रेल्वे. पुढे कुठं उतरवलं, कोणाच्या हाती दिलं, हे घरच्यांना माहीत नसते.

बाहेर कामाला जाणे काही वाईट नाही. आपल्यातली कितीतरी घरे त्यावर चालतात. पण फसवून, धाक दाखवून किंवा लालूच देऊन माणूस नेला आणि त्याला गुलामासारखे राबवले, तर ती मानवी तस्करी. भारतीय न्याय संहितेच्या कलम 143 मध्ये त्याला कमीत कमी 7 वर्षे सक्तमजुरी आहे, 18 वर्षांखालचे लेकरू असेल तर कमीत कमी 10. "तो आपल्या मर्जीनं गेला होता," असे सांगून दलाल सुटू शकत नाही. कायद्याने तिथे मर्जी धरलीच नाही.

हे दूरचे वाटते का? जून 2023 ची गोष्ट आहे, आपल्या शेजारच्या महाराष्ट्रातली. धाराशिव जिल्ह्यात विहिरी खोदायला मजूर नेले होते. दिवसभर खोदकाम, आणि रात्री पळू नये म्हणून साखळीने बांधून ठेवणे. त्यातला एक जण कसाबसा निसटला, हिंगोली जिल्ह्यातल्या आपल्या गावी पोचला आणि तिथल्या पोलिसांकडे गेला. तिथून ढोकी पोलीस ठाण्याला निरोप गेला, आणि 11 मजूर सुटले. एक माणूस ठाण्याची पायरी चढला, म्हणून बाकीचे घरी आले.

आता पैशाचे पाहू. अशा गुन्ह्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात पोलिसांचे वेगळे पथक असते, मानवी तस्करी विरोधी पथक. दिल्लीच्या घटनेनंतर 2013 मध्ये केंद्राने निर्भया निधी काढला. त्यातून 2019-20 आणि 2020-21 या दोन वर्षांत राज्यांना 98.86 कोटी रुपये मिळाले. सगळ्या जिल्ह्यांत ही पथके उभी करायची किंवा आहेत ती मजबूत करायची, त्यासाठी. आकडा मोठा दिसतो, पण देशात जिल्हे सातशेच्या वर आहेत. वाटणी केली तं एका जिल्ह्याच्या वाट्याला सरासरी 13-14 लाख. एक गाडी, दोन-चार कॉम्प्युटर घेतले की संपले. पोलीस हा राज्याचा विषय असल्याने माणसे आणि रोजचा खर्च राज्यालाच पाहावा लागतो.

आणखी एक गोष्ट. हा पैसा आला तेव्हा आपण छिंदवाडा जिल्ह्यात होतो. पांढुर्णा जिल्हा झाला 2023 मध्ये. म्हणून आपल्या जिल्ह्याचे पथक कुठे बसते, त्यात किती माणसे आहेत, गाडी आहे का, फोन कोणता, हे आपल्या संस्थेने पोलीस अधीक्षकांना लेखी विचारायचे ठरवले आहे. उत्तर येईल ते इथेच टाकू.

पण पथक कितीही चांगले असो, तक्रारच नसली तं ते कोणाला शोधणार? आणि आपली चूक तिथेच होते. फोन लागत नाही, तरी आपण "येईल दिवाळीले" म्हणून थांबतो. लोक काय म्हणतील म्हणून पोरीची तं गोष्टच काढत नाही. म्हणून हे ध्यानात ठेवा:

• 18 वर्षांखालचे लेकरू हरवले तर पोलिसांनी गुन्हा नोंदवलाच पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्येच तसे सांगितले आहे. नुसत्या अर्जावर परत येऊ नका. एफआयआरची प्रत फुकट मिळते.

• चार महिन्यांत लेकरू सापडले नाही, तर तपास मानवी तस्करी विरोधी पथकाकडे द्यावा लागतो. ही तारीख घरच्यांनीच लिहून ठेवावी आणि त्या दिवशी जाऊन विचारावे.

• माणूस नागपुरात हरवला तरी सौंसरला तक्रार देता येते. "आमच्या हद्दीत नाही" हे कारण चालत नाही.

• उचलीसाठी डांबून ठेवले असेल तर ती वेठबिगारी. 1976 च्या कायद्याने ते कर्ज फेडायची गरज राहत नाही. सुटका झालेल्या मजुराला 30,000 रुपयांपर्यंत तातडीची मदत मिळते. ती जिल्हाधिकाऱ्यांकडे मागायची असते.

आपल्याकडूनही एक काम सुरू होत आहे. तलावाच्या ठेक्याची वही आपण जपून ठेवतो, किती बीज टाकले, किती मासा निघाला, सगळे लिहितो. माणसाची वही मात्र कोणी ठेवत नाही. या बंदीपासून संस्थेत एक रजिस्टर राहील. घरातून कोणी बाहेरगावी कामाला निघाले की तीन गोष्टी लिहून द्या: कोणासोबत गेले, त्या माणसाचा फोन नंबर, कामाचे गाव. ठेकेदाराच्या आधारकार्डाचा फोटो मिळाला तं अजून चांगले. नावमालकांना विशेष विनंती, आपल्या डोंग्यावरच्या पोरांची नावे तुम्हीच आणून द्या. आणि फोटो देताना जो ठेकेदार कुरकुर करेल, त्याच्यासोबत पोरगं पाठवू नका. नाव लिहू द्यायची भीती खऱ्या मालकाला नसते.

नंबर भिंतीवर लिहून ठेवा: पोलीस 112, लहान मुलांसाठी 1098, बायकांसाठी 181, रेल्वेत 139, फुकट कायदेशीर सल्ल्यासाठी 15100.

ही पोस्ट आपल्या ग्रुपवर पाठवा. ज्यांच्याकडे फोन नाही, त्यांना वाचून दाखवा.