हेडफोन घ्यावा तो कापडासारखा पारखून

कापडाचा व्यापारी हेडफोनवर काय लिहिणार, असा प्रश्न आमच्या वाचक बांधवांना पडणे साहजिक आहे. परंतु गेल्या वर्षी एका हलक्या हेडफोनपायी आमच्या दुकानाची जबान खोटी पडण्याची वेळ आली, तेव्हा या वस्तूची माहिती करून घेणे आम्हाला भाग पडले. ती माहिती इतर व्यापारी व कारागीर बांधवांच्याही उपयोगी पडावी म्हणून हा लेखप्रपंच.

अकोले हे तालुक्याचे गाव. (जिल्ह्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले असले तरी आमच्या तोंडी अजून 'नगर'च बसले आहे.) येथे मोठ्या शहरासारख्या जाहिराती परवडत नाहीत. सेल लावला की रिक्षावर भोंगा बांधायचा आणि ध्वनिमुद्रित जाहिरात बाजारपेठेतून व आसपासच्या वाड्यांतून फिरवायची, हीच आमची रीत. आमच्या पुतण्याने घरातल्या एका खोलीत माईक आणि संगणक मांडून अशा जाहिराती तयार करण्याचा व्यवसाय सुरू केला आहे. लग्नाचे व्हिडिओ, दुकानांच्या जाहिराती, शाळांच्या कार्यक्रमांची निवेदने अशी कामे त्याला मिळतात. अर्थातच आमच्या सेलची जाहिरातही त्यानेच केली.

जाहिरातीत वाक्य होते, 'सुती अस्तराचे कापड फक्त साठ रुपये मीटर.' रिक्षा फिरली आणि दुपारी दुकानात गर्दी झाली. आम्ही खूश! पण पहिल्याच बाईने कापड फाडून घेतले आणि आठ रुपये मीटरने पैसे पुढे केले. 'साठ' म्हणताच ती म्हणाली, "भाऊ, भोंग्यावर आठ सांगता आणि दुकानात साठ?" तिच्या मागे उभ्या असलेल्या चौघांनीही 'आठ'च ऐकले होते. तिला कापड आम्ही आठच्या भावानेच दिले, बाकीच्यांची माफी मागितली आणि रिक्षा परत बोलावली. नुकसान थोडके होते. परंतु तिजारतीत भाव सांगणे म्हणजे वचन देणे असते, आणि भर बाजारात आमचे वचन खोटे ठरले, ही गोष्ट मनाला लागली.

चूक कोठे झाली?

पुतण्याला विचारले तर तो म्हणाला, "चाचा, मला तर 'साठ' अगदी साफ ऐकू येत होते." तो खोटे बोलत नव्हता. त्याच्याजवळचा हेडफोन गाणी ऐकण्यासाठी बनवलेला होता. असे हेडफोन मुद्दाम ढोलाचा खालचा आवाज आणि झांजेचा वरचा आवाज वाढवून देतात, म्हणजे गिऱ्हाईक ऐकताक्षणी खूश होते. त्या हेडफोनमध्ये 'स' आणि 'श' टोचू लागले म्हणून त्याने संगणकावर वरचा आवाज कापून टाकला. हेडफोनमध्ये 'स' ठीक वाटला, पण मुद्रणात तो जवळजवळ उरलाच नव्हता. भोंग्याला मुळातच बारीक आवाज नीट काढता येत नाहीत. त्यात रिक्षाचा आणि रस्त्याचा गोंगाट. 'साठ'चा 'स' गळाला आणि 'आठ' उरले!

आम्हीही ती जाहिरात फिरवण्यापूर्वी ऐकली होती, परंतु आमच्या उजव्या कानाला बारीक आवाज कमी येतात. तरुणपणी माल घेण्यासाठी मालेगावच्या कारखान्यांत आम्ही दिवसेंदिवस चालत्या मागांजवळ उभे राहिलो. तेथे शेजाऱ्याशी बोलायचे तर तोंड त्याच्या कानाशी न्यावे लागे. त्याची किंमत आता कळते. असो.

हा प्रकार आम्हाला लगेच समजला, कारण तो कापडाच्या धंद्यातलाच आहे. दुकानातल्या दिव्याखाली साडीचा रंग खुलून दिसतो. जाणते गिऱ्हाईक मात्र साडी हातात घेऊन दाराशी जाते आणि उन्हात रंग पाहते. गाणी ऐकण्याचा हेडफोन म्हणजे दुकानातला दिवा आणि स्टुडिओचा हेडफोन म्हणजे दारातले ऊन. तो आवाज सजवत नाही, निदान सजवू नये. आहे तसा दाखवावा, दोष असला तर दोषासकट.

बंद वाटीचा हेडफोन कशासाठी?

स्टुडिओच्या हेडफोनचे मुख्य दोन प्रकार आहेत. एकात कानावरची वाटी मागून जाळीदार, म्हणजे उघडी असते. त्यात आवाज मोकळा वाटतो व कानाला हवा लागते. परंतु आतला आवाज बाहेर जातो व बाहेरचा आत येतो. दुसऱ्या प्रकारात वाटी मागून बंद असते. त्याला 'क्लोज्ड-बॅक' म्हणतात. माईकसमोर बसून बोलणाऱ्याने हाच वापरावा. नाहीतर कानात चाललेले संगीत माईकमध्ये झिरपते आणि मुद्रण खराब होते. बंद वाटीचे तोटेही आहेत. कान तापतात, घाम येतो आणि खालचा आवाज कधी कधी डब्यात घुमल्यासारखा वाटतो.

ही वस्तू काही नवी नाही. अमेरिकेत नॅथॅनियल बाल्डविन याने १९१० च्या सुमारास घरच्या स्वयंपाकघरात हेडफोन बनवून तेथील आरमाराला पुरवले. जर्मनीच्या बायरडायनॅमिकने १९३७ मध्ये 'डीटी ४८' आणला. सोनी कंपनीचा 'एमडीआर-७५०६' १९९१ पासून जगभरच्या स्टुडिओंत वापरात आहे. आणि हा धंदा आपल्या कारागीर वस्तीला परका आहे असेही कोणी समजू नये. मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' केला. पुढे तेथल्या सुपरमॅनच्या चित्रपटात नायक झालेला शफीक हा मागावर काम करणारा होता. त्यावर फैजा अहमद खान यांनी २००८ मध्ये माहितीपट काढला, आणि २०२५ मध्ये याच मंडळींवर मोठा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. थोडक्या पैशांत चित्र आणि आवाज तयार करण्याचा हुन्नर आपल्या मागवाल्यांच्या गावाने दाखवून दिलेला आहे.

मुंबईची फेरी

मंगलदास मार्केटला आमची खरेदीची फेरी असते. या वेळी पुतण्याला बरोबर घेतले. राजूर-घोटी मार्गे मुंबई गाठली, आपले काम उरकले आणि लॅमिंग्टन रोडला ओळखीच्या दुकानदाराकडे गेलो. त्याने चार नावे सांगितली. ऑडिओ-टेक्निकाचा 'एटीएच-एम२०एक्स' : वजन सुमारे १९० ग्रॅम, विद्युत रोध ४७ ओहम, तीन मीटरची सरळ वायर. एकेजीचा 'के७२' : सुमारे २०० ग्रॅम, ३२ ओहम, आणि डोक्यावर आपोआप जुळणारा पट्टा. हे दोन स्वस्तातले. सेनहायझरचा 'एचडी २८० प्रो' : ६४ ओहम, गुंडाळीची वायर, आणि कंपनीच्या म्हणण्यानुसार बाहेरचा आवाज ३२ डेसिबलपर्यंत अडवणारा. सोनीचा वर सांगितलेला ७५०६ : सुमारे २३० ग्रॅम, ६३ ओहम. हे दोन वरच्या भावाचे. भाव रोज हलतात, म्हणून आकडे छापत नाही.

ओहमचा हिशेब एवढाच ध्यानात ठेवावा की ३२ ते ६४ पर्यंतचा हेडफोन मोबाईलवर व साध्या संगणकावर चालतो. बायरडायनॅमिकचा 'डीटी ७७० प्रो' ३२, ८० आणि २५० ओहम अशा प्रकारांत येतो. नाव एकच पाहून कोणी २५०चा उचलला तर मोबाईलवर त्याचा आवाज पुरणार नाही, वेगळा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा लागेल. कापड घेताना नुसते नाव पाहून पन्हा न मोजण्यासारखेच ते आहे.

खोक्यावरच्या मोठ्या आकड्यांनाही भुलू नये. निरोगी तरुण माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येते. त्यापुढचे आकडे मानवी कानाच्या कामाचे नाहीत, आणि मधला आवाज किती समतोल आहे हे त्या आकड्यांवरून कळत नाही.

आधी आराम, मग आवाज

दुकानदार लगेच गाणे लावू लागला. आम्ही म्हटले, थांबा. आधी आवाज न लावता नुसता घालून बसू द्या. पोराला हेडफोन तीन-तीन तास डोक्यावर ठेवायचा आहे. पाच मिनिटे सगळेच हेडफोन बरे वाटतात. अंगरखा जसा बसून, उठून, हात वर करून पाहावा लागतो तसेच हे आहे. एकेक जोड वीस-वीस मिनिटे घातला. एकाची पकड इतकी घट्ट की जबडा दुखू लागला. दुसरा हलका, पण वाटी लहान, कानाची पाळी आत मावेना. तिसऱ्याची गादी कानाभोवती पूर्ण बसली, मान हलवली तरी सरकला नाही आणि डोक्याच्या मध्यावर भारही आला नाही. वजनापेक्षा ते वजन कोठे पडते, हे महत्त्वाचे.

चष्मा, दाढी, टोपी किंवा ओढणी वापरणाऱ्यांनी ती घालूनच हेडफोन तपासावा. गादी आणि त्वचा यांत फट राहिली की खालचा आवाज निसटतो आणि हेडफोन विनाकारण पोकळ वाटतो. घरी बसून आवाजाचे काम करणाऱ्या भगिनींनी ओढणीचा एकच पातळ पदर मध्ये येईल असे पाहावे. जाड किंवा चुण्या पडणारे कापड आवाज बिघडवते.

गादीच्या आवरणाबद्दल मात्र आम्ही अधिकाराने बोलू शकतो. स्वस्त हेडफोनवर चामडे नसते, रेक्झिन असते. म्हणजे विणलेल्या कापडावर दिलेला लेप. तो पॉलियुरेथेनचा असेल तर हाताला मऊ लागतो, पण घाम आणि दमट हवेने दोन-तीन वर्षांत त्याचे पापुद्रे सुटू लागतात. पीव्हीसीचा लेप पापुद्रे लवकर सोडत नाही, पण कालांतराने ताठर होऊन चिरतो. तेव्हा गादी बदलता येते का आणि सुटी मिळते का, हे घेतानाच विचारावे. गादीवर घालण्यासाठी होजिअरीच्या पातळ कापडाचे टोपण शिवले तर घाम टिपला जातो आणि ते धुता येते. आमच्या शिंपी बांधवांना यात छोटे काम आहे. कापड मात्र पातळच हवे.

शीन-काफ दुरुस्त आहे का?

आवाज पारखताना अनोळखी गाणे लावू नये, आपल्या ओळखीचा आवाज लावावा. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. उर्दूत शुद्ध उच्चाराला 'शीन-काफ दुरुस्त' म्हणतात. आम्ही तीच कसोटी लावली. पुतण्याने 'साठ, आठ, शंभर, सहाशे, खास, काच, कस' असे शब्द स्वतःच्या आवाजात मोबाईलवर मुद्रित करून आणले होते. ते प्रत्येक हेडफोनवर ऐकले. एका जोडात 'स' सुईसारखा टोचला. दुसऱ्यात बोलणारा माणूस रजईत तोंड घालून बोलल्यासारखा वाटला. तिसऱ्यात 'स' वेगळा, 'श' वेगळा आणि श्वासही ऐकू आला. माईकमागे चालू राहिलेल्या पंख्याची घरघरही त्याने दाखवली. पुतण्या नाराज झाला, आम्ही म्हटले हाच घे. दोष दाखवणारा मित्र खरा.

आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. एकट्या माणसाचा आवाज बरोबर मध्यभागी ऐकू यावा. एका बाजूला झुकला तर दोन वाट्यांत फरक आहे. ढोलाचा आवाज लावल्यावर आत खरखर होऊ नये. आणि नेहमीच्या आवाजावर ठेवून दोन्ही वाट्या टेबलावर उपड्या दाबून पाहाव्यात, बाहेर कितपत झिरपते ते कळते. नामांकित मालाच्या नकलाही बाजारात पुष्कळ आहेत. म्हणून पक्के बिल आणि वॉरंटी कार्ड घेतल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

कानाची जपणूक

बंद वाटीचा एक मोठा फायदा असा की बाहेरचा गोंगाट कमी झाल्याने आवाज वाढवावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकावा, पण ९० डेसिबल झाला की मर्यादा अवघी ४ तासांवर येते. कारखान्यांसाठी आपल्याकडे आठ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा धरली जाते. मागावरच्या आमच्या भावांनी मात्र गाण्याचा हेडफोन कानाचे संरक्षण समजू नये. त्यांना कामाचे कर्णरक्षकच हवेत. गेलेला कान परत येत नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

अकोल्याला परतल्यावर पुतण्याने जाहिरात पुन्हा केली. पंखा बंद ठेवला, वरचा आवाज कापला नाही, आणि भाव दोनदा घातला : 'सहा-शून्य, साठ रुपये मीटर.' रिक्षा निघण्यापूर्वी भोंगा दुकानासमोर लावून रस्त्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या चहावाल्याला विचारले, "काय भाव ऐकला?" तो म्हणाला, "साठ." तेव्हाच रिक्षा सोडली.

आठ रुपयांत कापड नेलेली बाईही त्या आठवड्यात आली. या वेळी तिने साठनेच दोन मीटर घेतले.