वाफेचा चटका जबर का?
मोदकपात्राचं झाकण काढताना हात पोळतो, तो बहुतेक वेळा वाफेने. उकळतं पाणी आणि त्यातून निघणारी वाफ, दोन्हींचं तापमान १०० अंश सेल्सिअसच. तरी वाफेचा चटका जबर.

एक ग्रॅम पाणी शून्यावरून १०० अंशांवर न्यायला साधारण १०० कॅलरी लागतात. पुढे पारा हलत नाही. गॅस कितीही मोठा करा, पाणी नुसतं जास्त खळखळतं. सगळी उष्णता एकमेकांना धरून असलेले रेणू सुटे करण्यात खर्ची पडते. त्या एका ग्रॅमची वाफ व्हायला आणखी सुमारे ५४० कॅलरी! बर्फ वितळायला मात्र ८० पुरतात, कारण तिथे रेणू नुसते जागचे हलतात.

वाफ त्वचेवर टेकली की तिचं पुन्हा पाणी होतं आणि त्या ५४० कॅलरी तिथेच सुटतात. मोदकाची उकड शिजते तीही मुख्यतः याच उष्णतेवर. (पात्रातून निघणारा पांढरा ढग म्हणजे पाण्याचे बारीक थेंब, खरी वाफ दिसतच नाही.)

हा ‘अप्रकट उष्मा’ शास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅकने अठराव्या शतकात ग्लासगो विद्यापीठात मोजला. त्याच विद्यापीठात उपकरणं दुरुस्त करणाऱ्या जेम्स वॅटला थोडीशी वाफ स्वतःच्या सहापट वजनाचं पाणी उकळवते, हे पाहून नवल वाटलं होतं. ब्लॅकने त्याला कारण सांगितलं. त्या काळच्या वाफेच्या इंजिनात दर फेरीला सिलिंडर थंड करून पुन्हा तापवण्यात वाफेची केवढी नासाडी होते, हे वॅटला कळत होतंच. १७६५ मध्ये त्याला वाफ थंड करायला वेगळं भांडं जोडायची युक्ती सुचली.