श्रीरामपूरची ऋतुजा

खामगावकर टेनिसप्रेमींनो, विम्बल्डन बघता ना? मग ऋतुजा भोसलेही माहीत हवी! जन्म १९९६, श्रीरामपूर. शिकता-शिकता अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली. एकेरीच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या शंभरात कधीच नव्हती. शंभराच्या खालच्या या पातळीवर तेव्हा १५-२५ हजार डॉलर एकूण बक्षिसाच्या छोट्या स्पर्धा असायच्या. ही रक्कम साऱ्या खेळाडूंत वाटली जायची. पहिल्या फेरीत हरलं की विमानाचं भाडंही सुटायचं नाही.

आणि ३० सप्टेंबर २०२३, हांगझोऊ आशियाई स्पर्धा. मिश्र दुहेरीची फायनल, जोडीला रोहन बोपण्णा. चायनीज तैपेईच्या जोडीविरुद्ध पहिला सेट २-६ गेला. दुसरा ६-३. मग सुपर टायब्रेक १०-४, सुवर्ण! बोपण्णाचं नाव सगळ्यांना आठवतं, हिचं विसरतात. हे मला पटत नाही. पोरींना रॅकेट देताना तिचं नाव जरूर सांगा.